तेरेखोल ते नार्वे : पेडणे-डिचोलीची दोन दिवसांची वाट

सन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीच्या प्रारंभापर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सर्वांस खुले होते. त्या दिवसांत गावोगावच्या मंडळींनी बसगाड्या ठरवून गोवा गाठला. दर्शन झाले, मिस्सा ऐकली, कळंगुटच्या वाळूत मुलांना तासभर खेळविले, काजू व दोदोल खरेदी केले आणि मंडळी घरी परतली. ‘गोवा पाहून झाला,’ असे आता ती समाधानाने सांगतात. अशांना आम्ही एकच विचारतो : पेडणे पाहिले काय? डिचोली पाहिली काय? उत्तर बहुधा नकारार्थी येते. वास्तविक मुंबईकडून येणारी गाडी पेडण्यावरूनच गोव्यात शिरते. पण त्या वेळी मंडळी झोपेत असतात, आणि जागी होतात ती म्हापशाला!

येत्या सुट्टीत ज्या कुटुंबांचा पुन्हा गोव्यास जाण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी आम्ही ह्या खेपेस दोन दिवसांची वाट आखून देत आहोत. ही वाट खर्चाची नाही. मात्र ती चालताना डोळे उघडे हवेत आणि मनही उघडे हवे.

प्रथम थोडा इतिहास, कारण त्यावाचून हा मुलूख कळत नाही. बारदेश, तिसवाडी आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले. पेडणे व डिचोली मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगीजांच्या हाती गेले. म्हणून ह्या भागास ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. तोपर्यंत राज्यकर्त्यांचे धोरण पालटले होते. नव्या प्रजेच्या धर्मात व चालीरीतींत हात घालणार नाही, असे अभिवचन त्यांनी दिले. परिणाम असा की, शापोरा नदीच्या दक्षिणेस गावागावांत पांढरी चर्चे दिसतात, आणि नदी ओलांडून उत्तरेस गेले की जुनी देवळे आपापल्या जागी उभी दिसतात, चर्चे मोजकीच. पेडण्याचे संत जोसेफचे, हरमलचे कार्मेल मातेचे, डिचोलीचे कृपामातेचे, साखळीचे क्रूसभक्त संत जॉनचे ही त्यांतील काही. येथील ख्रिस्ती कुटुंब पिढ्यानुपिढ्या हिंदू शेजाऱ्यांच्या मध्ये, संख्येने थोडे असे राहिले आहे. शेजारधर्म म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पहिला दिवस : पेडणे

महामार्गावरून येणाऱ्यांनी पत्रादेवी येथे गाडी थांबवावी. गोव्याच्या सीमेवरील ह्या ठिकाणी हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले, आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग बेनिपाल येथेच पडला. गोव्याशी ज्याचे ना नाते ना गोते, अशा मुलाने येथे येऊन प्राण दिला, ही गोष्ट आपल्या मुलांना त्या जागी उभे करून सांगण्यासारखी आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

तेथून पेडणे गाव. भगवतीच्या देवळापुढे दोन्ही बाजूंस उभे असलेले मोठे दगडी हत्ती मुलांना फार आवडतील. कोजागिरीस येथे ‘पुनव’ भरते आणि दूरदूरचे लोक तिला येतात. जवळच देशप्रभूंचा प्रशस्त वाडा आहे. तो खाजगी घराण्याचा आहे हे ध्यानात ठेवून बाहेरूनच पाहावा. परवानगीवाचून कोणाच्या अंगणात शिरू नये. आपल्या घरी कोणी असे आले तर आपणास आवडेल काय?

पेडण्याहून आतल्या बाजूस हळर्ण हे गाव लागते. सह्याद्रीत उगम पावलेली तिळारी नदी गोव्यात शापोरा ह्या नावाने वाहते. तिच्या काठी भोसल्यांचा एक लहानसा जांभ्या दगडाचा किल्ला आहे. १७४६ मध्ये गोव्याचा विजरई पेद्रु मिगेल द आल्मेदा ह्याने तो जिंकला. ह्या विजयाप्रीत्यर्थ त्याला पोर्तुगालच्या राजाने ‘आलोर्नाचा मार्क्विस’ ही पदवी दिली. आलोर्ना म्हणजे आपले हळर्णच! पुढे त्याची नात लेओनोर ही पोर्तुगीज भाषेतील नामांकित कवयित्री झाली व ‘मार्केझा द आलोर्ना’ म्हणून आजही ओळखली जाते. पेडणे तालुक्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या शाळांतील मुलांच्या तोंडी पोहोचले. आमच्या मुलांना मात्र हळर्ण कोठे आहे ते ठाऊक नसते. हा किल्ला दीर्घकाळ झाडोऱ्याने वेढलेला होता; अलीकडे शासनाने त्याची डागडुजी केली आहे.

ह्यानंतर समुद्राकडे वळावे. मोरजी, मांद्रे, हरमल आणि केरी असा हा किनारा आहे. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यातील रात्री समुद्रकासव अंडी घालण्यास येते. मादी मागील पायांनी खड्डा खणते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. पन्नासएक दिवसांनी पिले बाहेर येतात व रात्रीच्या अंधारात पाण्यावरील उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावरील उपाहारगृहांचे झगझगीत दिवे त्यांना चकवितात. पिले समुद्राऐवजी दिव्यांकडे जातात आणि मरतात. एके काळी ही अंडी लोक खाण्यासाठी नेत असत. आज वनखाते व गावातील तरुण त्या जागांभोवती कुंपण घालून पहारा करतात. तेथे गेल्यास विजेरी लावू नये व गलबला करू नये.

हरमलला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे तळे आहे. एका बाजूस खारट लाटा आणि दुसऱ्या बाजूस गोडे पाणी! हे कसे घडते ते मुलांना सांगावे. ह्या भागातील सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट माळ, जांभ्या दगडाचे असतात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो स्पंजासारखे शोषून घेतो आणि वर्षभर पायथ्याच्या झऱ्यांतून थोडे थोडे सोडतो. त्या झऱ्यांवर कुळागरे, म्हणजे पोफळी-नारळीच्या बागा जगतात, विहिरी भरतात. नदीकाठच्या खाजण जमिनींची गोष्ट तितकीच सुरस आहे. बांध घालून खारे पाणी अडवायचे, ‘मानस’ नावाच्या लाकडी दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडायचे, आणि खार सोसणारा ‘कोरगुट’ भात पिकवायचा, ही विद्या येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके सांभाळली. हरमलची तिखट मिरचीही अशीच नावाजलेली आहे. परत येताना प्लास्टिकची खेळणी आणण्यापेक्षा ती मिरची आणावी. घरच्या कालवणाला चव येईल आणि तेथील बाईच्या पदरात चार पैसे पडतील.

दिवस मावळण्यापूर्वी केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडावी. पलीकडे टेकडीवर, नदी समुद्रास मिळते तेथे, तेरेखोलचा किल्ला आहे. भोसल्यांनी तो बांधला व १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. नदीच्या उत्तर तीरावर गोव्याची एवढीच जमीन आहे, भोवताली महाराष्ट्र. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय गृहस्थ गोव्याचे प्रीफेक्त म्हणून अधिकारावर आले. पण गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना काही दिवसांतच हुसकून लावले, आणि त्यांची बाजू घेणाऱ्या ह्या किल्ल्यातील शिबंदीचा संहार केला. किल्ल्याच्या अंगणात संत अंतोनचे लहानसे चर्च आहे. एरवी ते बंद असते. पण बाहेरच्या पायऱ्यांवर बसून रोझरीची एक माळ म्हणावयास कोणाची आडकाठी नाही.

ह्याच किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकडीने भारताचा तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पनवेलचे हिरवे गुरुजी येथे गोळीस बळी पडले. ख्रिस्ती माणूस परकीय राज्याचा पक्षपाती, असे जे कधी कधी म्हटले जाते, त्यास उत्तर द्यावयाचे तर वाद घालण्याचे कारण नाही. मुलांना तेरेखोलला न्यावे आणि आफोन्सो हे नाव सांगावे.

दुसरा दिवस : डिचोली

डिचोली हे जुन्या बाजारपेठेचे गाव. येथील कुंभारांची मडकी आणि पितळेच्या समया प्रसिद्ध आहेत. गावाजवळ ‘नमाजगाह’ नावाची जुनी वास्तू आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला असता ह्या परगण्यात राहिला होता. त्या काळाशी ह्या वास्तूचे नाव जोडले जाते. लामगावला डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, आणि कुडण्यास जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. बौद्ध, जैन, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती : एका तालुक्यात सर्वांच्या खुणा सापडतात.

साखळीजवळ हरवळ्याची लेणी व धबधबा आहे. लेणी जांभ्यात कोरलेली असून सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. धबधबा पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत भरलेला असतो. मात्र आईबापांस आमची कळकळीची विनंती आहे : धबधब्याखालच्या डोहात मुलांना उतरू देऊ नका, आणि पावसाळ्यात समुद्रातही नको. पाण्याचा आवाज ऐकून परतावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

मये येथील तळे डोंगरांच्या कुशीत आहे. नौकाविहाराची सोयही असते. पाहुण्यांना तळे दिसते, पण गावाची कहाणी दिसत नाही. मयेची बरीचशी जमीन एका पोर्तुगीज पदवीधारी घराण्याच्या मालकीची होती. गोवा मुक्त झाल्यावर मालक परदेशी असल्याने ती सरकारी देखरेखीखाली गेली, आणि जे पिढ्यानुपिढ्या तेथे राहत व कसत होते त्यांच्या नावावर घराखालची जमीनदेखील झाली नाही. गावकऱ्यांनी अनेक वर्षे झगडा केला, तेव्हा २०१४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. स्वातंत्र्य मिळाल्यावरही अर्ध्या शतकाहून अधिक काळ स्वतःच्या अंगणासाठी थांबावे लागणे म्हणजे काय, हे जमीन कसणाऱ्या आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

शिरगावची लइराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ह्या बहिणी आहेत, असे गोव्याचा साधा माणूस मानतो. ह्या दोन स्थळांमध्ये सणाच्या निमित्ताने भेटीची देवाणघेवाण होत आली आहे. धर्मशास्त्राच्या पुस्तकात ह्या नात्याला जागा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण दोन घरे एकमेकांकडे भेट पाठवितात तेव्हा त्यांची मुले एकमेकांवर दगड उचलीत नाहीत, हेही आम्हांस ठाऊक आहे. २०२५ च्या मे महिन्यात ह्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविक प्राणास मुकले. जत्रेच्या दिवशी नुसता तमाशा पाहावयास तेथे गर्दी करू नये.

आता नार्व्याविषयी, कारण आमच्या मते ह्या दोन दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे स्थळ तेच होय. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याचे नाव कोरलेले असे. आज गोव्याच्या बसगाड्यांवर जे ‘कदंब’ नाव दिसते ते ह्याच राजघराण्याचे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले. भक्तांनी लिंग नदी ओलांडून ह्या तीरावर आणले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे शासनाने देवळाची पुन्हा काळजीपूर्वक दुरुस्ती केली व २०२३ च्या फेब्रुवारीत ते लोकांस खुले झाले. ह्या देवळास नेहमीचे उंच शिखर नाही. अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे. पुढे दीपमाळ आहे.

ख्रिस्ती कुटुंबाने येथे उभे राहून काय म्हणावे? काही जण म्हणतील, तो विषय कशाला, जुनी गोष्ट झाली. काही जण म्हणतील, तिकडे पाऊलच टाकू नये. आम्हांस दोन्ही पटत नाही. जे देऊळ पाडले गेले ते पाडले गेले. पाडणारे आपल्याच क्रूसाची खूण गळ्यात घालून फिरत होते, ही गोष्ट मुलांपासून लपवून काय साधणार? ती शाळेत त्यांना कळेलच. आणि आईबापांनी लपविले हेही कळेल. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००० साली, महोत्सवी वर्षात, ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजोरीबद्दल रोम येथे जाहीर क्षमायाचना केली. विश्वधर्मगुरूंना जे सांगावयास संकोच वाटला नाही, ते आपण आपल्या मुलांना सांगावयास का कचरावे? देवळाच्या अंगणात आदराने उभे राहावे, तेथील रीत पाळावी, पादत्राणे काढण्याची जागा असेल तेथे काढावीत. आपली श्रद्धा त्यामुळे तसूभर कमी होत नाही. मग फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. देव ज्या नदीतून इकडे आला तीच नदी आपण तिकडे जाण्यासाठी ओलांडतो. पाच-दहा मिनिटांचा तो प्रवास शांतपणे करावा.

पाहुण्याचे कर्तव्य

जर्मनीत रोथेनबुर्ग नावाचे एक लहान ऐतिहासिक गाव आहे. भोवताली मध्ययुगीन तट असून त्यावरून पायी फिरता येते. मार्च १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग व तटाचा काही भाग जळून पडला. युद्धानंतर देशोदेशीच्या लोकांनी तटाच्या दुरुस्तीसाठी पैसे पाठविले, आणि देणाऱ्यांची नावे त्या तटात बसविलेल्या दगडांवर आजही वाचता येतात. गावकऱ्यांनी गाव जपले, पाहुण्यांनी हातभार लावला. आता तेथे वर्षभर प्रवासी येतात, ते त्या जपलेल्या गोष्टी पाहण्यासाठीच.

पेडणे-डिचोलीत आज नेमकी हीच कसोटी चालू आहे. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी पोखरले गेले. शिरगावसारख्या गावांत झरे आटले, शेतांत लाल गाळ उतरला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१८ मध्ये पुन्हा थांबविले. त्यानंतर खाणपट्ट्यांचा लिलाव होऊन काही ठिकाणी ते परत सुरू झाले आहे. खाण बंद झाली तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरी चूल पेटेना, आणि खाण चालू असता शेतकऱ्याच्या विहिरीस पाणी नव्हते. दोघेही एकाच गावचे. ह्यात सोपे उत्तर नाही.

तिकडे पेडण्यात मोपाच्या सड्यावर हजारो झाडे तोडून मोठा विमानतळ झाला व जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. तरुणांस काही नोकऱ्या मिळाल्या. त्याबरोबर जमिनीचे भाव चढले आणि दलाल दारोदार फिरू लागले. सड्यावर सिमेंट पडले की पाणी मुरत नाही, आणि पाणी मुरले नाही की पायथ्याचा झरा आटतो. जांभ्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. भात पिकविणाऱ्याने शेत विकले तर हाती आलेला पैसा किती वर्षे पुरतो, हे शहरालगतच्या कोणत्याही गावात जाऊन विचारावे.

ही सर्व चर्चा सहलीच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, गाव विकले जाते ते पाहुण्याच्या नावाने. ‘पर्यटक येतील’ असे सांगून टेकडी कापली जाते. मग पर्यटकाने तरी सांगावे की त्यास काय हवे आहे. आम्हांस हरमलचे तळे हवे, मोरजीचे कासव हवे, मयेचे डोंगर हवेत, हळर्णच्या तटावरून दिसणारी नदी हवी. काचेची इमारत पाहावयास आम्ही एवढ्या लांब येत नाही.

म्हणून जाताना पाण्याची भांडी घरून न्यावीत व कचरा परत आणावा. गावातल्या खानावळीत जेवावे. फेरीच्या धक्क्यावर, देवळाच्या अंगणात, चर्चच्या आवारात भेटणाऱ्या वृद्ध माणसाशी दोन शब्द बोलावे. त्याची बोली आपणास बहुतेक समजेल आणि आपली त्याला. रविवार आला तर मिस्सा पेडण्यास वा डिचोलीस ऐकावी. तेथील छोट्या ख्रिस्ती समाजास बाहेरगावची चार कुटुंबे बाकावर बसलेली पाहून आनंदच होईल. घरी परतल्यावर मुलांना एका कागदावर लिहावयास सांगावे की, दोन दिवसांत काय पाहिले आणि त्यातील काय त्यांच्या मुलांच्या काळापर्यंत टिकावे असे वाटते. तो कागद आईबापांनी जपून ठेवावा, आणि आपल्या स्वतःच्या गावाच्या वेशीवर जमिनीचा दलाल येईल त्या दिवशी पुन्हा वाचावा.